मस्टर कुणाच्या हातात?

गावाच्या हातात मस्टर दिलं की चोरी थांबते, असं सांगणारी एक जमात या देशात आहे. ती खादी घालते, चर्चासत्रांना जाते आणि ग्रामसभेचं नाव निघालं की हात जोडते. दुसरी जमात दिल्लीत बसते. ती म्हणते, गाव चोर, मजूर त्याहून चोर. म्हणून फोटो काढा, अंगठा घ्या, डोळा तपासा. या दोघींचं कडाक्याचं भांडण चाललंय असं पेपरवाले छापतात. साफ खोटं. एका मुद्द्यावर दोघींचा करार पक्का आहे. ज्याने खड्डा खणला, त्याच्या हातात हजेरीपट द्यायचा नाही.

हे लिखाण त्या कराराच्या विरोधात आहे. ज्याला गोड लागणार नाही त्याने पान उलटावं.

आधी तुझ्या खिशातलं बोलू. दोस्ता, तू ठाण्याला, पिंपरीला नाहीतर नागपूरला नोकरीला असशील. पगाराची चिठ्ठी काढ. त्यात पी.टी. नावाचा रकाना असतो. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. व्यवसाय कर. महाराष्ट्राने हा कर 1975 साली बसवला तो कशासाठी? रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या मजुरीला हातभार लावायचा आणि सरकारने आपली भर घालायची, असा तो हिशेब होता. तेव्हा 'आपण गाव सोडलं, आपलं गावाशी काय देणंघेणं' असं म्हणायची सोय तुला नाही. देणं दर महिन्याला कापून घेतात. घेणं विचारायला तू जात नाहीस, एवढंच.

आता इतिहास. तोही आपल्या बाजूने वाचायचा, त्यांच्या नाही.

1972 च्या दुष्काळात आपली माणसं खडी फोडत होती आणि सुकडी खात होती. 1973 च्या मे महिन्यात या राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला होता, त्यावरून योजना बेतली. 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. 'मागेल त्याला काम'. काम ही भीक नाही, हक्क आहे, असं या देशात पहिल्यांदा एका राज्याच्या कायद्यात लिहिलं गेलं. पागेंना श्रेय द्या, आमची ना नाही. पण तो कायदा पागेंच्या डोक्यातून जेवढा आला तेवढाच खडीवरच्या बायांच्या फुटलेल्या बोटांतून आला, कचेऱ्यांना पडलेल्या वेढ्यांतून आला. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे?

कायदा आला. देखरेख कुणाची आली? कलेक्टरची, तहसीलदाराची, पाटबंधारे-बांधकाम खात्याच्या साहेबांची. वर समित्या. समितीवर कोण? ज्याची जमीन आहे तो. खडीवर बसलेली बाई समितीवर कधी पाहिलीत? मग कामं कुठली निघणार? पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ता. पाझर तलावाचं पाणी पाझरतं कुठे? ज्याचं वावर खालच्या अंगाला आहे त्याच्या विहिरीत. भूमिहीनाच्या घमेल्यात पाणी पाझरत नाही. नव्वदीत रोहयोतून फळबागा निघाल्या. बाग लावायला आधी जमीन लागते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. आपण खणायचं, त्यांनी पिकवायचं आणि वर म्हणायचं, सरकार तुम्हाला फुकट पोसतं!

काम दिलं नाही तर भत्ता द्यायचा, असं 1977 च्या कायद्यात होतं. दिवसाला किमान एक रुपया. तो एक रुपयासुद्धा सरकारच्या खिशातून सुटत नव्हता. का सुटत नव्हता, त्याची युक्ती पुढे सांगतो. ती युक्ती कायदे बदलले तरी बदललेली नाही.

2005 साली देशाचा कायदा झाला. 2 फेब्रुवारी 2006 ला 200 जिल्ह्यांत सुरू झाला, 2008 पासून सगळ्या ग्रामीण भारतात. वर्षाला 100 दिवस काम, पंधरा दिवसांत काम, पंधरा दिवसांत मजुरी. या कायद्याने देखरेख गावाकडे आणली. कलम 16 ने कामं सुचवायचा अधिकार ग्रामसभेला आणि राबवायचा ग्रामपंचायतीला दिला. निम्म्याहून कमी नाही इतकी कामं पंचायतीकडेच. कलम 17 ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षण करायला सांगितलं. म्हणजे मस्टर, बिलं, मोजमापाची पुस्तकं उघड्यावर आणायची आणि गावाने तपासायची. हे कलम आकाशातून पडलं नाही. राजस्थानात 1994 पासून मजूर-किसान जनसुनावण्या घेत होते, मस्टर मोठ्याने वाचत होते, त्यातून ते आलं. कलम चांगलं. कागदावर फर्स्टक्लास.

पण ग्रामसभा म्हणजे कोण?

महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. तेवढीही नाही आली तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. बस्स. या एका नियमावर अख्खा गावगाडा चालतो. पहिली सभा मुद्दाम पडू द्यायची, दुसरी सभा आपल्या पंधरा माणसांत घ्यायची, रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घ्यायचे. झाली ग्रामसभा. झालं स्वराज्य.

आणि समजा सभा खरोखर भरली. तरी काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचं गाव मराठवाड्यातलं. नाव लिहीत नाही, कारण आई अजून तिथेच राहते. अंकेक्षणाची सभा मारुतीच्या पारावर. पारावर सतरंजी, सतरंजीवर सोसायटीचा चेअरमन, उपसरपंच, रोजगार सेवक. सरपंच आपल्यातलाच, राखीव जागेवरून आलेला. ज्याच्या वावरात तो सालगडी होता त्याच्याच शेजारी, सतरंजीच्या कडेला, अर्धा आत अर्धा बाहेर. आपल्या बाया पाराच्या खाली, उन्हात. वाचन सुरू झालं. किती कामं, किती मनुष्यदिवस, किती लाख खर्च. नावं मात्र वाचेनात. मी उठलो, म्हणालो, मस्टरवरची नावं वाचा. चेअरमन हसला. म्हणाला, "तू मुंबईचा. तुझं मतदान कुठंय? खाली बस."

मतदान नाही म्हणून माझं तोंड बंद. तेव्हा आई उठली. "माझं मतदान हितंच हाय. वाचा नावं."

वाचावी लागली. शेततळ्याच्या मस्टरवर दोन ट्रॅक्टर असलेल्या घरातली सून. पुण्याला कंपनीत असलेला पोरगा. आणि आईचे बारा दिवस भरले होते तिथे सात. तळं खणलं कुणी? रात्रीच्या जेसीबीने. यंत्र लावायचं नाही असं कायदा म्हणत होता. पण रात्री कायदा झोपतो. सभेत कुजबुज झाली, ठराव झाला, चौकशीचं आश्वासन झालं. पाच दिवसांचे पैसे आले नाहीत ते नाहीतच. आणि पुढच्या कापूस वेचणीला आमच्या वस्तीतल्या चार घरांना कुणी बोलावलं नाही.

इथे थांबा आणि नीट बघा. चोरी ही मुख्य गोष्ट नाही. चोरी तर मंत्रालयापासून चालते. मुख्य गोष्ट अशी की जो पारावर बसून मस्टर तपासतो तोच वावराचा मालक आहे. रोहयोचं काम नसेल तेव्हा त्याच्याच बांधावर जायचंय. उधारी त्याच्याच भावाच्या दुकानात. अशा माणसासमोर उभं राहून 'तू माझे पाच दिवस खाल्ले' म्हणायचं, आणि हे म्हणण्याला सरकारी भाषेत 'लोकसहभाग' म्हणायचं! कोंबड्यांची सभा भरवायची आणि अध्यक्ष कोल्हा. वर विचारायचं, कोंबड्या बोलत का नाहीत? जागृतीचा अभाव आहे का?

आता ती युक्ती. काम मागायचा अर्ज असतो, नमुना 4. तो दिला की तारखेची पोच घ्यायची असते. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता. 2005 च्या कायद्यात पहिले 30 दिवस मजुरीच्या एक चतुर्थांश, नंतर निम्मा. म्हणून काय करतात? अर्ज घ्यायचा, पोच द्यायची नाही. किंवा अर्जच घ्यायचा नाही, 'तोंडी सांगितलं ना, लक्षात आहे' म्हणायचं. काम निघालं की त्या दिवशीची तारीख टाकून अर्ज भरायचा. कागदावर मागणी आणि काम जुळतं. सरकार अहवालात लिहितं, मागेल त्याला काम दिलं. बरोबरच आहे. ज्याला द्यायचं ठरवलं त्यालाच मागू दिलं! हा भ्रष्टाचार ऑडिटमध्ये सापडत नाही, कारण यात एक पैसाही खाल्लेला नसतो. खाल्लेला असतो हक्क.

ग्रामस्वराज्यवाले म्हणतील, हे अपवाद आहेत, गाव मुळात एक कुटुंब आहे. त्यांना आपण जुना हिशेब दाखवू. गावाने काम द्यायचं आणि गावानेच देखरेख करायची, ही पद्धत आपल्याला नवी नाही. तिचं नाव महारकी. 1874 च्या वतन कायद्याने सरकारने तिच्यावर शिक्का मारला. गावाचा सांगावा न्यायचा, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात शिळी भाकर, मूठभर बलुतं आणि तुकडाभर जमीन. कामाचे तास? गाव ठरवील. मजुरी? गाव देईल तेवढी. तक्रार? गावाकडेच. बाबासाहेबांनी 1928 पासून मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयकं मांडली, ती वतनं कायद्याने जायला 1958 उजाडलं. अशा गावावर डोळे मिटून भरवसा ठेवा म्हणणाऱ्याला काय म्हणावं? भोळा? भोळा नाही. तो जागा आहे आणि कुणाच्या बाजूने जागा आहे ते आपल्याला कळतं.

1932 साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. जातीने चिरफळलेल्या गावाच्या हातात सत्ता दिली तर ती कुणाच्या टाळक्यावर पडेल हे त्यांना माहीत होतं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी स्पष्ट सांगितलं की या घटनेचा पाया गाव नाही, व्यक्ती आहे. त्याच महिन्यात पंचायतीचं कलम घटनेत आलं, आजचं कलम 40. पुढे 73 वी घटनादुरुस्ती आली, 1993 पासून लागू झाली, राखीव सरपंच आले. चांगलंच झालं. पण सरपंच राखीव झाला, वावर राखीव झालं नाही. म्हणून राखीव सरपंच सतरंजीच्या कडेला बसतो.

आता दुसऱ्या जमातीकडे वळू. त्यांना वाटेल, वा, हा तर आमच्या बाजूने बोलला. थांबा साहेब.

गाव चोर म्हणून तुम्ही यंत्र आणलं. 1 जानेवारी 2023 पासून सगळ्या सार्वजनिक कामांवर मोबाईलच्या ॲपमधून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो. डोंगराच्या खोबणीत नेटवर्क नाही, फोटो चढला नाही, दिवस बुडाला. काम सकाळी दहाला संपलं तरी बाई दुपारच्या फोटोसाठी उन्हात बसली. आणि चोर थांबला? 8 जुलै 2025 ला खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने परिपत्रक काढून कबूल केलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढतात. म्हणजे चोराला ॲप शिकायला वेळ लागला नाही, मजूर मात्र उन्हात बसला. 1 जानेवारी 2024 पासून मजुरी आधारशी जोडल्याशिवाय नाही. नावात एक काना चुकला की घाम बाद.

आणि दिल्लीला जात दिसत नाही असं समजू नका. मार्च 2021 मध्ये मंत्रालयाने राज्यांना कळवलं की मजुरीचे पैसे आता जातवार वेगळे पाठवायचे: अनुसूचित जाती वेगळ्या, जमाती वेगळ्या, बाकीचे वेगळे. एकाच खड्ड्यात उतरलेल्या तीन बाया. एकीचे पैसे आले, दुसरीचे अडकले. खड्ड्यावर भांडणं लागली. ओरड झाली तेव्हा त्याच वर्षी ते मागे घेतलं. गावात पाणवठा वेगळा होता, दिल्लीने पैशाचा पाणवठा वेगळा केला. कुठला फरक?

बंगाल बघा. मार्च 2022 मध्ये केंद्राने कलम 27 लावून अख्ख्या राज्याचा पैसा तोडला. कारण काय, भ्रष्टाचार. खाल्लं पुढाऱ्यांनी आणि कंत्राटदारांनी, चूल विझली मजुराची. कलकत्ता हायकोर्टाने 1 ऑगस्ट 2025 पासून काम सुरू करा असं सांगितलं, तरी सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही हरलं. तीन वर्षांहून जास्त काळ चोराला सोडून चोरी झालेल्या माणसाला शिक्षा! वरून देखरेख म्हणतात ती हीच.

आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. 125 दिवसांची हमी, असं मोठ्या अक्षरात. बारीक अक्षरात काय? मजुरीचा पूर्ण भार आधी केंद्रावर होता, तो आता बहुतेक राज्यांत 60:40. राज्याचा पैसा किती ते केंद्र आधीच ठरवणार. बायोमेट्रिक हजेरी कायद्यातच. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून 60 दिवसांपर्यंत काम बंद ठेवायची मुभा. ही शेवटची ओळ पुन्हा वाच दोस्ता. पेरणी-कापणीत काम बंद म्हणजे काय? ज्या दिवसांत मजुराला जरा भाव असतो, ज्या दिवसांत आई चेअरमनला 'एवढ्या रोजाला येत नाही, मी सरकारी कामावर जाते' म्हणू शकते, नेमके तेच दिवस तिच्या हातातून काढून घेतले. पन्नास वर्षं बागायतदार हेच मागत होता. त्याला ते दिल्लीने दिलं. पारावरचा मालक आणि दिल्लीतला मालक शेवटी एकाच बांधावर भेटले.

मग आम्हाला काय पाहिजे? फक्त शिव्या देऊन झोपायचं असतं तर हे लिहिलं नसतं.

आंध्रात 2006 नंतर अंकेक्षणाची एक पद्धत बसवली गेली. मजुरांच्याच घरातली शिकलेली पोरं-पोरी निवडायची, त्यांना मस्टर आणि मोजमाप वाचायला शिकवायचं आणि स्वतःच्या गावात नाही, दुसऱ्या गावात पाठवायचं. त्यांनी दारोदार जाऊन विचारायचं, किती दिवस गेलीस, किती मिळाले? मग तालुक्याला जाहीर सुनावणी. खाल्लेला सगळा पैसा वसूल झाला नाही, कमीच झाला. पण साहेब मंडपात घाम पुसताना लोकांनी पाहिला. दुसऱ्या गावचा तपासणारा असला की वेचणी बंद करायची धमकी त्याला लागत नाही. मुद्दा साधा आहे. तपासणारा मजुराच्या वर्गातला पाहिजे आणि मालकाच्या पकडीबाहेरचा पाहिजे.

दुसरं. 1996 च्या पेसा कायद्याखाली महाराष्ट्राने 2014 साली नियम केले. अनुसूचित क्षेत्रातला एखादा पाडा ठराव करून स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो. मग गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीला तो हक्क का नाही? कायद्याला पाडा दिसतो, महारवाडा-मांगवाडा दिसत नाही? बाबासाहेबांच्या चळवळीने 1942 च्या नागपूर परिषदेत वेगळ्या वसाहतींची मागणी केली होती, 1947 च्या त्यांच्या घटनेच्या मसुद्यातही ती होती. अख्खी वसाहत नाही दिलीत. निदान मस्टर वाचायला आमची वेगळी सभा द्या.

म्हणून आमचं म्हणणं असं:

1. मस्टरचं वाचन दर आठवड्याला कामावर आणि वस्तीत, नावानिशी, मोठ्याने. पारावर नाही, देवळात नाही.

2. अंकेक्षणाच्या सभेचा अध्यक्ष कामावर गेलेल्या मजुरांतूनच. सरपंच, चेअरमन, सेवक हे उत्तरं द्यायला उभे राहतील.

3. तपासणारे दुसऱ्या तालुक्यातले आणि मजूर घरातले. त्यांचा पगार पंचायतीच्या हातात नाही.

4. मागणी अर्जाची पोच न देणं हा गुन्हा. दंड साहेबाच्या पगारातून.

5. हंगामात काम बंद ठेवायचा अधिकार महाराष्ट्राने वापरायचा नाही. 1977 चा कायदा करणाऱ्या राज्याला एवढी लाज असली पाहिजे.

6. चोरी सापडली तर चोराला पकडा. मजुराची मजुरी एक दिवसही थांबता कामा नये.

सरकार हे आपण होऊन देणार नाही, हे काय मला ठाऊक नाही? म्हणून हा शेवटचा मजकूर सरकारसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तू बी.कॉम. आहेस, तुला ताळेबंद वाचता येतो. तू सिव्हिलचा डिप्लोमा केलायस, खड्डा किती घनमीटर ते तुला मोजता येतं. तू वकिलीला आहेस, माहिती अधिकाराचा अर्ज तुला दहा मिनिटांत लिहिता येतो. चौकातल्या बॅनरवर फोटो छापायला वर्गणी काढतोस तेवढ्या पैशात पन्नास गावांची मस्टरं मिळतात. येत्या उन्हाळ्यात दोघा-दोघांनी एकेक गाव घ्या. स्वतःचं नको, एकमेकांचं घ्या. वस्तीत बसा, बायांना दिवस विचारा, कागदाशी ताडा. काम मागायचे अर्ज भरा, सगळे मिळून एकाच दिवशी कचेरीत द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. कायद्याचं नाव बदलो, नमुन्याचा नंबर बदलो, तारीख घातलेली पोच म्हणजे आपल्या हातातलं हत्यार.

आणि 'तुझं मतदान कुठंय' असं कुणी विचारलं तर पगाराची चिठ्ठी दाखवा. 2500 रुपये वर्षाला कापून घेता, हिशेब आम्ही घेणार.

जय भीम!